रात्रीच्या फोनवरून गेलेल्या फायली

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर बदनापूर लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं इथलं संशोधन केंद्र कडधान्यांसाठी, त्यातही तुरीसाठी, देशभर माहीत आहे. बीडीएन-२, बीडीएन-७११, वांझ रोगाला दाद न देणारी बीएसएमआर-७३६ ही तुरीची वाणं इथलीच. वाण तयार होतं शेतात, पण त्याला मान्यता मिळते आकड्यांवर. फुलोरा किती दिवसांनी आला, मर किती टक्के झाडांना लागली, हेक्टरी उतारा किती पडला, याचे तक्ते अखिल भारतीय समन्वित प्रकल्पामार्फत कानपूरला जातात. तिथे देशातल्या इतर केंद्रांच्या तक्त्यांशेजारी ते मांडले जातात आणि मग वाणाचं भवितव्य ठरतं.

१९८०च्या दशकात असे तक्ते टंकलिखित होऊन पाकिटातून जात. समजा, तक्ता दोनशे ओळींचा आहे आणि ओळीत ऐंशी अक्षरं आहेत. म्हणजे एकूण सोळा हजार अक्षरं. त्या काळातला साधा मोडेम टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला १२०० बिट, म्हणजे सुमारे १२० अक्षरं, पाठवी. या तक्त्याला सव्वादोन मिनिटं पुरली असती. पोस्टाला काही दिवस लागत. तारा होत्या, टेलिफोन होते, मोडेमही मिळत होते. नव्हती ती दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारी आणि संशोधकाच्या आवाक्यातली व्यवस्था. कोणी कोणाला फोन लावायचा, कधी लावायचा, मध्येच लाइन तुटली तर काय करायचं, हे सारं आधी ठरावं लागतं. भारतात हे ठरवायला सुरुवात झाली ती मुंबईत, जुहूला.

जुहू ते पवई

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पोटात वाढलेलं एक संगणक केंद्र १९८५ साली स्वतंत्र झालं आणि त्याला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, असं नाव मिळालं. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा शिक्षण आणि संशोधनासाठीचा संगणक-जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात आठ भागीदार होते: दिल्लीतला स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि एनसीएसटी. यातले दोन मुंबईतले. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातल्या डायल-अप जोडणीपासून या जाळ्याची सुरुवात झाली.

ही जोडणी आजच्या अर्थाने ‘ऑनलाइन’ नव्हती. तिच्यामागे होती युनिक्स या संगणक-प्रणालीतली यूयूसीपी ही आज्ञा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास ती लिहिली आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती जगभर पसरली. वापरायला ती अगदी साधी होती. आधी आपल्या फाइलचं नाव, मग पलीकडच्या यंत्राचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग तिथला पत्ता. एंटर दाबलं की आज्ञा लगेच परत येई आणि माणूस पुढच्या कामाला लागे. फाइल मात्र तेव्हा कुठेच गेलेली नसे. ती रांगेत जाऊन बसे.

खरं काम मागे बसलेला दुसरा प्रोग्राम करी. त्याच्याजवळ एक यादी असे. कोणत्या यंत्राला कोणत्या नंबरावर फोन करायचा, पलीकडून कोणता प्रश्न येईल, त्याला कोणतं नाव आणि कोणता परवलीचा शब्द सांगायचा, हे तिच्यात लिहिलेलं असे. त्याच यादीत वेळही लिहिता येई. एसटीडीचे दर रात्री उशिरा चौथाईवर येत, तेव्हाच फोन लावायचा असं यंत्राला आधीच सांगून ठेवता येई. रात्री ठरल्या वेळी मोडेम नंबर फिरवी, पलीकडचा मोडेम शीळ घाली, दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख पटवत आणि रांगेतल्या फायली एकामागून एक रवाना होत. अलीकडचं संपलं की भूमिका बदलत आणि पलीकडच्या फायली इकडे येत. मग फोन खाली. एका फोनमध्ये दोन्हीकडची डाक उरके.

टेलिफोनची तार खराब असणार, हे गृहीतच धरलेलं होतं. पावसाळ्यात मुंबईच्या केबलमध्ये पाणी शिरलं की कोणाही मुंबईकराला खरखर ऐकू येई. माणूस अशा वेळी ‘काय? पुन्हा सांगा’ म्हणतो. यंत्रांना तेच म्हणायची सोय हवी. यूयूसीपी फाइलचे चौसष्ट-चौसष्ट बाइटचे तुकडे पाडी आणि प्रत्येकाबरोबर त्या तुकड्याची बेरीज पाठवी. पलीकडे बेरीज जुळली नाही तर तिथपासूनचे तुकडे परत मागवले जात. प्रत्येक तुकड्याच्या पोचपावतीसाठी थांबत बसलं तर वेळ वाया जातो, म्हणून काही तुकडे पावती यायच्या आधीच पुढे सोडायचे, अशीही योजना होती. आजचं इंटरनेट हेच करतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

एक उणीव मात्र होती. लाइन पूर्णच तुटली तर अर्धवट गेलेली फाइल पहिल्यापासून पाठवावी लागे. नव्वद टक्के गेलेलं सगळं फुकट. यावर लोकांनी शोधलेला उपाय अगदी व्यावहारिक होता. मोठी फाइल आधी दाबून लहान करायची, मग तिचे वेगवेगळ्या नावांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा रांगेत स्वतंत्र लावायचा. फोन तुटला तर एकच तुकडा वाया जाई.

जुहू ते ॲमस्टरडॅम

जुहूच्या यंत्रांची नावं ‘शक्ती’ आणि ‘साथी’ अशी होती. त्या काळातल्या पत्त्यांत ही नावं उद्गारचिन्हांनी जोडलेली दिसत. कारण पत्र कोणत्या यंत्राकडून कोणत्या यंत्राकडे आणि तिथून पुढे कुठे जाणार, हा सगळा मार्ग पाठवणाऱ्यानेच लिहायचा असे. वाटेतलं एखादं यंत्र बंद असलं की पत्र तिथेच अडकून पडे.

परदेशाशी पहिला दुवाही याच पद्धतीने जोडला गेला. जुहूचं यंत्र ॲमस्टरडॅमच्या गणित आणि संगणकशास्त्र केंद्राला फोन लावी. ते केंद्र तेव्हा युरोपभरच्या युनिक्स यंत्रांचं डाकघर होतं. पुढे अमेरिकेत व्हर्जिनियातली यूयूनेट ही कंपनी हे काम करू लागली. परदेशी फोनचे दर असे होते की प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवावा लागे. त्यामुळे फाइल दाबून पाठवणं आणि रात्रीच्या एका फोनमध्ये सगळं उरकणं हे केवळ सोयीचं राहिलं नाही, त्याशिवाय निभावच नव्हता. कोणती फाइल खरोखर पाठवायची आणि कोणती पलीकडे आधीच असेल, याचा विचार आज्ञा देण्याआधी करावा लागे.

मग वेग वाढू लागला. १९८९ मध्ये देशाच्या नावाचा ‘डॉट इन’ हा पत्ता नोंदला गेला आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९६०० बिटची कायमची भाडेपट्ट्याची लाइन सुरू झाली. १९९२ पर्यंत पाचही आयआयटी, बंगळूर, दिल्ली आणि जुहू अशाच लाइनींनी जोडले गेले. त्याच वर्षी जुहूहून व्हर्जिनियाला सेकंदाला ६४ हजार बिटची लाइन पडली. भारतातल्या संशोधकांचं जगाकडे उघडणारं दार ते हेच. ९६०० बिटच्या लाइनीवर एक मेगाबाइट जायला साधारण चौदा मिनिटं लागत, ६४ हजारच्या लाइनीवर दोन मिनिटं. आज मोबाइलवरचं एक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचं असतं.

लाइन कायमची झाल्यावर दुसरी आज्ञा कामाला आली: एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत लिहिला गेला. लिहिणाऱ्याचं नाव अभय भूषण, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. ज्या कानपूरला बदनापूरचे तक्ते पाकिटातून जात होते, त्याच गावात शिकलेल्या माणसाने दोन संगणकांमधल्या फाइलच्या देवाणघेवाणीचे नियम दीड दशक आधी लिहून ठेवले होते. एफटीपीत समोरच्या यंत्राच्या कपाटात डोकावता येई. काय आहे ते पाहा, हवं ते ‘गेट’ म्हणून घ्या, द्यायचं ते ‘पुट’ म्हणून ठेवा. नवख्याची फजिती एकाच ठिकाणी होई. आधी ‘बायनरी’ असं सांगायचं राहिलं की एफटीपी फाइलला साधा मजकूर समजून ओळींच्या शेवटांत फेरफार करी. तासभर चाललेलं काम संपून फाइल येई आणि ती उघडत नसे.

मराठीसाठी आणखी एक गाठ होती. त्या वेळी भारतीय लिप्यांचं प्रमाण संकेतन इस्की हे होतं. १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात एका अक्षरचिन्हाला आठ बिट लागत. ईमेलच्या जुन्या वाटा मात्र सातच बिट वाहून नेत. मराठी मजकूर तसाच पाठवला की पलीकडे निरर्थक चिन्हं पोचत. म्हणून मराठी फाइल आधी यूयूएनकोड या आज्ञेतून काढावी लागे. ती आज्ञा दर तीन बाइटची चार साधी इंग्रजी चिन्हं करी, म्हणजे फाइल एक तृतीयांशाने फुगे. पलीकडे उलटी आज्ञा देऊन मराठी परत मिळे. पुढे युनिकोड आलं आणि ही गाठ सुटली, पण त्याच्या प्रचलित रूपात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. दाबून पाठवण्याचा फायदा मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त होतो, तो यामुळे.

एसटी आणि उपग्रह

मुंबईत हे चाललेलं असताना जालन्यात काय होतं? जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतले संगणक सुरुवातीला एकेकटे होते. माहिती हलायची ती फ्लॉपीतून. या मार्गाला हसण्याचं कारण नाही. १.४४ मेगाबाइटच्या दहा फ्लॉप्यांचा डबा म्हणजे १४.४ मेगाबाइट. १२०० बिटच्या मोडेमने तेवढं पाठवायला तेहतीस तास लागले असते आणि दिल्ली-मुंबईच्या ९६०० बिटच्या लाइनीवरही तीन तासांहून जास्त. जालन्याहून साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) एसटीने डबा नेला तर तो त्याच्या कितीतरी आधी पोचे. फार माहिती एकदम हलवायची तर चाकांवर टाका, हा नियम आजही मोडलेला नाही. मोठ्या कंपन्या अजूनही हार्ड डिस्कची खोकी गाडीतून पाठवतात.

जिल्ह्यांसाठी सरकारने वेगळा मार्ग धरला. राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्राने, म्हणजे एनआयसीने, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ उभारायला घेतलं. जिल्हाधिकारी कचेरीच्या गच्चीवर लहान तबकडी बसवायची आणि उपग्रहामार्फत दिल्लीशी बोलायचं, अशी त्याची रचना. टेलिफोनच्या खराब तारांना वळसा घालण्याचा हा मार्ग होता. जिल्ह्याच्या गावापर्यंत तो पोचला. तालुक्यापर्यंत मात्र कागद किंवा फ्लॉपीच जात राहिली.

जमिनीच्या नोंदींच्या संगणकीकरणाचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातला त्यातला जिल्हा वर्धा. त्या प्रयोगात अडचण केवळ यंत्रांची नव्हती, नोंदींचीही होती. तलाठ्याच्या हाताने लिहिलेला सातबारा एकदा संगणकात भरला की काम संपत नाही. खरेदी होते, वारस लागतात, फेरफार होतात आणि संगणकातली प्रत जुनी होते. फाइल पाठवणं हा प्रश्न कधी एकदाचा नसतोच. दोन ठिकाणच्या दोन प्रती सतत सारख्या ठेवायच्या कशा, हा तो प्रश्न असतो. त्याचं सोपं उत्तर तेव्हा हाताशी नव्हतं.

पैसे भरा आणि आज्ञा द्या

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. त्यातली स्वस्त खाती ‘शेल’ची, म्हणजे फक्त अक्षरांची, होती. घरचा संगणक निगमच्या यंत्राचा नुसता पडदा बने आणि आज्ञा चालत त्या तिकडच्या यंत्रावर. त्यामुळे फाइल आणायची तर दोन टप्पे लागत. आधी एफटीपीने ती परदेशातून निगमच्या यंत्रावर आणायची. मग ‘एसझेड’ अशी दोन अक्षरं टाइप करून ती टेलिफोनच्या तारेतून घरी ओढायची. या दुसऱ्या टप्प्यामागे झेडमोडेम होतं, चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये लिहिलेलं. यूयूसीपीची जुनी उणीव त्याने भरून काढली होती. लाइन तुटली की फाइल जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होई. मिनिटांचे पैसे मोजणाऱ्याला हे किती मोठं होतं, हे त्या काळी फोनचं बिल भरलेल्यालाच कळेल.

आता राहिला तो दोन प्रतींचा प्रश्न. त्याचं उत्तर १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराहून आलं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक ही आज्ञा लिहिली. तिच्यामागची युक्ती सांगायला सोपी आणि सुचायला अवघड आहे. पलीकडे फाइलची जुनी प्रत आहे, इकडे नवी. पलीकडचं यंत्र जुन्या प्रतीचे तुकडे करतं आणि प्रत्येकाची छोटीशी ओळखखूण काढून फक्त त्या खुणा इकडे पाठवतं. इकडचं यंत्र नव्या फाइलवर एकेक बाइट पुढे सरकत त्या खुणांशी जुळणी करतं. जुळलेला भाग पाठवायची गरज नाही, ‘तुझाच अमका तुकडा इथे ठेव’ एवढं सांगितलं की झालं. न जुळणारं तेवढंच तारेतून जातं. मोठ्या फाइलमध्ये दहा ओळी बदलल्या असतील तर त्या ओळी ज्यांत आहेत ते तुकडे आणि खुणा एवढीच वाहतूक होते.

वर्षभर आधी फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं होतं. एफटीपीत परवलीचा शब्द उघडाच तारेतून जाई. एसएसएचने सारा व्यवहार कुलूपबंद केला. आरसिंक आणि एसएसएच यांची जोडी तेव्हापासून सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाताला चिकटली ती आजतागायत. स्कॅन केलेल्या लहानलहान पानांच्या हजारो फायली न्यायच्या असतील तर ती मंडळी आधी टार या फायली एकत्र बांधणाऱ्या आज्ञेने त्यांचा एकच प्रवाह करतात आणि तो थेट एसएसएचमधून पलीकडे सोडतात. प्रत्येक फाइलमागे होणारी विचारपूस वाचते. लाइन तीच असते, पण काम अनेकदा कितीतरी पट लवकर होतं.

रेल्वेच्या कडेने

बदनापूरला जगाशी जोडणारी तार रेल्वेबरोबर आली. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज लाइन १९००च्या सुमारास निजामाच्या मुलखातून टाकली गेली. पुढची गाडी सोडू का, एवढं विचारायला स्टेशनांमध्ये तारायंत्र लागेच. पुढे या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. २००० साली रेलटेल ही कंपनी निघाली आणि देशभर रुळांच्या कडेने काचतंतूची केबल पसरू लागली. ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेशी प्रचंड माहितीची देवाणघेवाण होते, तीही काचतंतूवरूनच.

तरीही तारा जाड झाल्या म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा राज्यात सुरू झाला. नोंदी आता तालुक्याच्या संगणकात पडून राहत नाहीत, त्या मध्यवर्ती यंत्रावर असतात. फायदा उघड आहे: प्रत एकच, जुनी-नवी हा वाद नाही. तोटाही उघड आहे. प्रत एकच असल्यामुळे तिथपर्यंतची वाट बंद झाली की गावोगावचं काम एकदम थांबतं. ‘सर्व्हर डाउन’ हे दोन शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सातबारा या शब्दाइतकेच पाठ झाले, ते यामुळे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबवलेल्या ई-पीक पाहणीत मात्र जुनं शहाणपण दिसतं. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचं छायाचित्र काढतो आणि नोंद करतो. शिवारात रेंज असतेच असं नाही. म्हणून नोंद मोबाइलमध्येच राहू शकते आणि गावात रेंज मिळाली की ‘अपलोड’ दाबून पुढे पाठवता येते. बदनापूर तालुक्यात तुरीची नोंद करणारा शेतकरी हे करतो तेव्हा जुहूच्या यंत्रांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस केलेलं कामच तो करत असतो: आधी रांगेत लावायचं, वाट मोकळी झाली की पाठवायचं. ज्यांनी ही सोय ठेवली, त्यांनी तार तुटणार हे पहिल्या दिवशीच मान्य केलं होतं. अर्नेटच्या पहिल्या दशकाने या देशाला शिकवलेला धडा हाच आहे. वेग विकत घेता येतो, पण तुटलेल्या वाटेवर काम चालू ठेवण्याची सोय मात्र आधी विचार करून ठेवावी लागते. ती विसरली गेली की काचतंतू असूनही तलाठी कार्यालयाबाहेर रांग लागते.